काष्टीच्या हॉलमधला समुद्र

रामहरीला फक्त एक मासा हवा होता. एकच, तोही टीव्हीशेजारच्या बरणीत मावेल एवढा. हे तो आजही शपथेवर सांगतो, आणि त्याची बायको राजेश्वरी त्यावर आजही नुसती एक भुवई वर करते.

झालं ते शिर्डीला. दर्शन घेऊन दोघं एका हॉटेलात जेवायला शिरले. थाळी यायला वेळ होता, आणि समोर भिंतभर काचेच्या टाकीत चक्क समुद्र भरून ठेवलेला. निळा उजेड, हलणारी पोवळी, आणि त्यातून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले मासे निवांत हिंडतायत. रामहरीचं काष्टीला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान. वीस वर्षं त्याने लोकांना पाणी थेंबाथेंबाने कसं द्यायचं ते शिकवलेलं. एवढं पाणी नुसतं बघायला ठेवलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

थाळी आली तरी त्याची नजर हलेना. "अहो, भात निवतोय," राजेश्वरी म्हणाली.

"अगं, आपणही एक घेऊ या का? एकच."

बायकोने "बघू" म्हटलं. (संसारात "बघू" याचा अर्थ "नाही" असा असतो, हे वीस वर्षांत त्याच्या ध्यानात यायला हवं होतं.) दुसऱ्याच दिवशी स्वारी नगरला, गनीभाईंच्या माशांच्या दुकानात हजर.

गनीभाई म्हणजे पांढऱ्या दाढीचा शांत माणूस. बोलणं हळू, आणि बोलताना नजर गिऱ्हाइकावर नाही, माशांवर.

"एक मासा पण ठेवता येतो, रामहरीशेठ. पण समुद्राच्या माशाला समुद्र लागतो. आणि लहान समुद्र लवकर नासतो. ठेवायचाच तर मोठा ठेवा."

हे रामहरीला पटलं. मोठं घ्या म्हटलेलं त्याला नेहमीच पटतं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बरणीची पाच फुटी टाकी झालेली होती आणि तिच्याखाली कपाटात बसणारी आणखी एक टाकी वेगळी.

आता प्रश्न जागेचा. हॉलमध्ये कोपरा एकच मोकळा, आणि तो राजेश्वरीने दिवाळीपासून घरघंटीसाठी राखून ठेवलेला. गावातला गिरणीवाला मिरची दळून झाली की त्याच गिरणीत हिचे गहू ओतायचा, आणि मग घरात पोळी खाताना सगळ्यांना ठसका लागायचा. तिला स्वतःची घरघंटी हवी होती, बास. यात गैर काहीच नव्हतं, म्हणून रामहरीला वाद घालता येईना.

शेवटी तिनेच तोड काढली. "बसवा तुमची टाकी. पण माझ्या फरशीवर पाणी सांडलं, की टाकी बाहेर आणि घरघंटी आत. मग तोंडातून शब्द काढायचा नाही."

रामहरी मोठ्याने हसला. अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात कुणालाही विचारा, रामहरीच्या पाइपातून थेंब गळत नाही. दुकानाच्या पाटीवर तसं रंगवलेलंच आहे. त्याने तिथल्या तिथे शब्द दिला, आणि साक्षीला आई होती.

ही आई, झुंबरबाई, सत्तरी ओलांडलेली. टाकी आली त्या दिवसापासून तिने दारात बाजलं टाकलं आणि येणाऱ्या प्रत्येक वस्तूची तपासणी सुरू केली.

पहिल्यांदा आल्या मिठाच्या बादल्या.

"एवढं मीठ? लोनचं घालायचंय का?"

"समुद्राचं पाणी करायचंय, आई."

"आरं, मग बोअरचं घाल की. ते काय कमी मचूळ हाय?"

रामहरीने समजावलं की मचूळ पाणी चालत नाही, माशांना आधी फिल्टरचं शुद्ध जारचं पाणी लागतं, आणि मग त्यात मीठ टाकायचं. झुंबरबाईने हे दोनदा वदवून घेतलं. "म्हंजे मानसांनी बोअरचं प्यायचं, आन् मासळीला जारचं. आन् त्यात बी परत मीठ कालवायचं. बरं हाय."

मग आले दगड. पोवळ्यांना बसायला खास, सच्छिद्र, खोक्यात कागदात गुंडाळलेले. म्हातारीने एक दगड हातात घेऊन उलटासुलटा केला.

"दगडं इकत आनली तू?"

"आई, ते साधे नाहीत."

"आपल्या माळावर येचून येचून माझी कंबर गेली, आन् ह्यो इकत आनतोय." त्यानंतर दोन दिवस ती लेकाशी बोलली नाही. पाहुण्यारावळ्यांना मात्र फोन करकरून सांगत होती.

पाइपांचं काम रामहरीने कुणाला हात लावू दिलं नाही. गनीभाई नुसते शेजारी स्टुलावर बसून सांगत होते. रचना तशी सोपी होती. वरच्या टाकीतलं पाणी काठावरून एका पाइपाने खालच्या टाकीत उतरायचं, तिथे साफ व्हायचं, आणि मोटर ते दुसऱ्या पाइपाने परत वर फेकायची. हा दुसरा पाइप वरच्या टाकीत काठाजवळच संपत होता. सगळं जोडून झाल्यावर गनीभाईंनी ड्रिल घेतलं आणि त्या पाइपाला, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, एक बारीक भोक पाडलं.

चांगल्या नव्या पाइपाला भोक! गनीभाई समजावून सांगू लागले, "लाइट गेली की मोटर थांबते. मग वरचं पाणी ह्याच पाइपातून उलटं खाली येतं. दोन बोटं उतरलं, की हे भोक उघडं पडतं, आत हवा ओढतं, आणि उलटी धार तुटते. नाहीतर वरचा समुद्र खाली येईल. हे भोक कधी बुजवायचं नाही."

हे सगळं ते सांगत असताना रामहरीच्या कानाला मोबाईल होता. हनुमंत नावाच्या कांदेवाल्या गिऱ्हाइकाचा फिल्टर तुंबला होता. गनीभाईंकडे बघून रामहरी मान हलवत होता, पण मनाने तो हनुमंताच्या मळ्यात होता.

पहिला महिना टाकीत मासाच नव्हता. पाणी मुरायला हवं, असं गनीभाईंचं म्हणणं. शेजारपाजारचे हौसेने यायचे, पाच मिनिटं दगड बघायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. या महिन्यात लाइट किती वेळा गेली याला गणतीच नाही. दर वेळी पाणी दोन बोटं उतरायचं आणि थांबायचं. फरशी कोरडी ठणठणीत. रामहरी बायकोकडे बघून म्हणायचा, "बघितलंस? याला म्हणतात फिटिंग." (यात त्याचा वाटा किती, ते सांगायला गनीभाई तिथे नव्हते.)

अखेर दोन नारिंगी मासे आले. झुंबरबाईसुद्धा बाजल्यावरून उठून काचेशी गेली आणि म्हणाली, "ग्वाड हायती." रामहरीचे डोळे भरून आले. खरंच आले. आणि त्या भरात त्याने बाजारच्या दिवशी झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना समुद्र बघायला घरी बोलावलं.

बाजारच्या दिवशी सकाळी तो टाकीसमोर उभा राहिला आणि त्याला घाम फुटला. उकाड्याने पाणी बोटभर आटलं होतं, आणि पाइपाच्या त्या भोकातून एक बारीक चिळकांडी काचेच्या झाकणावर उडत होती. तासाभरात तालुक्यातले शेतकरी येणार, आणि ठिबकवाल्याच्या घरचा पाइप गळतोय! लोक काय म्हणतील? एखाद्याने टाकीत पाणी वाढवलं असतं. पण गळकं भोक दिसलं की रामहरीचा हात आपोआप एमसीलकडे जातो, त्याला तो काय करणार? त्याने मोटर बंद केली, भोक स्वच्छ पुसलं आणि एमसीलने असं बुजवलं की बोट फिरवलं तरी कळू नये.

तेवढ्यावर थांबता तरी बरं होतं. पण त्याची नजर पाइपाच्या तोंडावर गेली. पाणी वरच्या वर ओततोय! "पाणी मुळाशी द्यायचं असतं," हे तो वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. त्याने एल्बो लावला, दोन फुटी तुकडा जोडला आणि पाइप थेट तळाशी, दगडांच्या मुळाशी नेऊन सोडला. सांध्यांना सोल्युशन इतकं चोपडलं की भूकंप झाला तरी हलू नये. (दुकानात पाणी उलटं न येऊ देणारे व्हॉल्व्ह खोक्यांनी पडले होते. पण ते गिऱ्हाइकांसाठी.)

अकराच्या सुमारास मंडळी जमली. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पंचवीसेक माणसं. सगळ्यांत पुढे हनुमंत.

"शेठ, ही खायची का?"

"नाही हो."

"मंग?"

"बघायची."

हनुमंताने बघितली. सगळ्यांनीच बघितली. मग रामहरीने मूळ मुद्द्याला हात घातला. "मंडळी, मासे राहू द्या. पाइप बघा. ना गळती, ना पाझर. ज्याला एक थेंब बाहेर दिसेल त्याने..."

तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला, मोटर थांबली. कपाटात काहीतरी गुडगुडू लागलं. रामहरीने सवयीने हात वर केला. "घाबरू नका. दोन बोटं उतरेल आणि थांबेल." पाणी दोन बोटं उतरलं. मग चार. मग वीत. खालची टाकी काठोकाठ भरली, आणि कपाटाच्या दारातून समुद्र हॉलमध्ये आला.

रामहरीने बाही वर न सारताच हात टाकीत घातला आणि पाइप वर उपसायला बघितला. पाइप हलेना. आयुष्यात इतका मजबूत सांधा त्याने कधी केला नव्हता.

इकडे पाणी वाहताना दिसल्यावर नगर जिल्ह्यातली पंचवीस माणसं स्वस्थ कशी बसतील? हनुमंताने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. "आरं, पानी वाया चाललंय! दारं धरा!" शेतात पाणी वळवतात तसा बघता बघता दिवाणावरच्या लोडांचा आणि गोधड्यांचा बांध पडला. पाणी सोफ्याकडे वळत होतं ते अडवून उंबऱ्याकडे काढून दिलं. दोघांनी चपला बाजूला केल्या, एकाने परसातलं खोरं शोधून चारी ओढली. वीस वर्षं पाण्यासाठी तरसलेली माणसं ती. एक थेंब इकडचा तिकडे जाऊ न देता त्यांनी अख्खा समुद्र झुंबरबाईच्या अंगणातल्या मेथीच्या वाफ्यात नेऊन सोडला.

"अहो, खारं आहे! खारं पाणी आहे ते!" रामहरी आतून ओरडत होता. हात अजून टाकीतच.

पाणी तळाशी वीतभर उरलं तेव्हा धार तुटली. दोन मासे तेवढ्या पाण्यात एकमेकांना चिकटून होते. वाफा मात्र तुडुंब भरला होता. झुंबरबाईने मेथीचं एक पान तोडून जिभेवर ठेवलं.

"मीठ लागलंय बग झकास," ती म्हणाली. "आता फोडनी तेवढी घाल."

राजेश्वरीने आवाज चढवला नाही. ओल्या फरशीवरून ती सावकाश आत गेली, शिलाई मशीनच्या खणातली मेजरिंग टेप घेऊन आली आणि कोपरा मोजू लागली. रामहरीने तोंड उघडलं, शब्द दिल्याचं आठवलं आणि मिटलं. मग तिने टेपचं दुसरं टोक त्याच्याच हातात दिलं. "जरा नीट धरा. ओघळू देऊ नका."

दुपारी गनीभाई मासे न्यायला आले. पाइपावरून बोट फिरवून त्यांनी बुजलेली जागा शोधून काढली, नखाने खरवडून बघितली, आणि माशांना हळूच बादलीत घेऊन म्हणाले, "चला बेटा."

आठवड्यात घरघंटी आली. फिटिंगला राजेश्वरीने बाहेरचा माणूस बोलावला. पोळी आता बिनठसक्याची असते आणि रामहरी ती खाली मान घालून खातो.

त्यानंतर दुकानात बसायचं त्याला जिवावर यायचं. लोक हसतील अशी खात्रीच होती. पण पहिला आला तो हनुमंत, आणि आला तो अदबीने. इकडेतिकडे बघून खुर्ची जवळ ओढत म्हणाला, "शेठ, खरं सांगू का? आमी सगळी त्या दिवसापास्नं त्याचंच बोलतोय. आमच्या मळ्यात लाइट गेली की पानी बंद. तुमच्याकडं लाइट गेली आन् पानी सुरू झालं! आन् काय धार! तसलंच आमच्या चार एकराला बसवून द्या. बाकीची बी सगळी तयार हायती."

रामहरीची छाती फुगली. क्षणभर वाटलं, हो म्हणावं. पण माणूस मुळात सरळ. त्याने कागद घेतला, टाकी काढली, पाइप काढला, भोक काढलं, ते का पाडलं होतं आणि आपण ते कसं बुजवलं तेही सांगितलं. पाणी वरून खाली आपोआप येतं, त्यात आपली कर्तबगारी काही नाही, हेसुद्धा सांगितलं. अर्धा तास घसा कोरडा केला.

हनुमंताने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उठला, टोपी सारखी केली.

"म्हंजे तुमी मुद्दाम केलंच न्हवतं व्हय?"

"नाही हो. चुकलं माझं."

"मंग ऱ्हाऊ द्या," हनुमंत पायरी उतरता उतरता म्हणाला. "तुमच्या हातनं चुकून जमलेलं दुसऱ्यांदा काय जमायचं न्हाई."