सासऱ्यांच्या संगणकावर पाळत

सासरे जाऊन सहा महिने झाले, तरी त्यांचा संगणक रोज दुपारी तीनला कुरकुरायचा. अगदी त्यांच्यासारखाच. सुट्टीच्या दिवशी बंद खोलीतून तो आवाज ऐकून त्यांच्या लेकीच्या अंगावर काटा आला.

"एवढा कर्नलवाला ना तू? मग बघ की काय आहे ते!" ती नवऱ्याला म्हणाली.

"राहू दे गं त्यांचं ते," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

जावई ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात, म्हणजे कर्नलमध्ये, काम करून स्वतःचं पोट भरायचा. कुठलीही फाइल उघडा, लिहा, पुसा, कर्नलला विचारल्याशिवाय काही होत नाही. तिथेच त्याने पाळत बसवली. जो फाइलला हात लावेल, त्याची नोंद व्हायची.

तासाभरात डिस्क घरघरू लागली. नोंदी लाखांवर गेल्या. कुणीतरी झपाटल्यासारखं लिहीत होतं! घाम पुसता पुसता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नोंद करणं म्हणजेसुद्धा फाइलला हात लावणंच, त्यामुळे पाळत स्वतःच्याच नोंदींची नोंद करत सुटली होती. एवढी वर्षं या धंद्यात काढून आपण असा गाढवपणा करावा, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याने पाळतीला स्वतःकडे बघायला बंदी केली.

दुसऱ्या दिवशी कामाच्या अशा दोनच नोंदी निघाल्या. तीन वाजता सासऱ्यांच्या 'आठवणी' या फाइलमधली एक ओळ पुसली गेली होती. तीन दहाला तीच ओळ परत आली होती.

"पुसते मी," सासूबाईंनी कबूल केलं. "म्हणे 'रोज सकाळचा चहा मीच करत असे'! चाळीस वर्षांत एकदा आधण ठेवलं असेल तर शपथ!"

"आणि परत कोण लिहितं?"

"कोण म्हणजे? हेच. हयातीत कधी ऐकलं नाही माझं, आता काय ऐकणार?" त्या लाजून हसल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदाच हसल्या.

परत कोण लिहितं ते जावयाला तेव्हाच कळलं. सासरे चुकून मजकूर उडवायचे, म्हणून त्यानेच एक प्रोग्रॅम लावून दिला होता. ओळ कमी झाली की जुनी प्रत परत, जशीच्या तशी. त्याने सांगायला तोंड उघडलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि मिटलं. हे सांगितलं तर त्यांचं रोजचं भांडणच संपलं असतं. त्याने मुकाट्याने पाळत काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी बायको ऑफिसात आणि तो घरूनच आपल्या मीटिंगमध्ये होता. सव्वातीनला सासूबाई धावत आल्या.

"जावईबापू, नमले हो! बघा तरी!"

पडद्यावर ओळ होती : 'कधीमधी सकाळचा चहा मीच करत असे.'

"हे तुम्ही लिहिलंत, आई?"

"मी? मी तर अख्खी ओळ पुसली होती!"

त्याच्या प्रोग्रॅमला एक काना इकडचा तिकडे करता येत नव्हता. पाळत तर कालच काढली होती. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी 'कधीमधी'वर बोट ठेवलं.

"हेसुद्धा खोटंच आहे," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या.

डिस्क कुरकुरली.