देवसिंग नानांचा डावा फेरा

“उजवीकडं! अवो नाना, उजवीकडं!”

ट्रॉलीतलं साठ माणसांचं वऱ्हाड एका सुरात ओरडत होतं. मीही ओरडत होतो, पण नवरदेव असल्यामुळं बाशिंग सांभाळून. साडेबाराचा मुहूर्त. बारा वाजून गेलेले. आणि पुसेगावचा फाटा उजव्या हाताला निवांत मागं पडत होता.

नाना मान न वळवता म्हणाले, “दम धरा. फेरा मारून येऊन राहिलो.”

आमच्या शेजारच्या तांड्यावरचे हे देवसिंग नाना ट्रॅक्टर फक्त डावीकडं वळवतात. उजवीकडं जायचं असलं तर फाटा ओलांडून डाव्या हाताच्या मोकळ्या रानात शिरायचं, मोठा फेरा मारायचा आणि सडक आडवी कापून समोरच्या वाटेला लागायचं. पिठाची गिरणी त्यांच्या घराच्या उजव्या अंगाला, चाळीस पावलांवर. नाना ज्वारीचं पोतं घेऊन निघाले की गिरणीवाला खुशाल एक झोप काढतो.

हे सगळं पटामुळं, असं अख्खं गाव मानतं. नव्वदच्या सुमारास आमच्याकडं बैलांच्या शर्यतीसारखा ट्रॅक्टरचाही पट भरायचा. आज नरसीला, आठ दिवसांनी डोंगरकड्याला, मग पुसेगावला. नांगरलेल्या रानात गोल आखायचा, ट्रॉल्या सोडून ठेवायच्या आणि नुसती मुंडकी पळवायची. डावीकडं वळत सात फेरे. नरसीचा धुरळा एवढा घट्ट, की लोक त्याच्यावर रुमाल-दस्त्या वाळत घालत. एकदा तो खाली बसल्यावर दोन ट्रॅक्टर कमी भरले. ते वाट चुकून कळमनुरीच्या बाजारात निघाले होते आणि तिथंही पहिल्या नंबरावरून भांडत होते.

डावं वळण घेताना डावं चाक उचलतं. ते दाबायला डाव्या मडगार्डवर वजनदार माणूस लागायचं. बाकीचे पैलवान बसवायचे. नाना बायकोला बसवायचे. जमनाकाकू बसली की समोरची चाकं जमीन सोडायची. डोंगरकड्याला वळणावर दोन पैलवान उडून बाभळीत अडकले, तेव्हा काकू पानाला चुना लावत होती. वर नवऱ्याच्या कानात ओरडत होती, “अवो, दाबा की! काहून भिऊन राहिले?”

नाना एकही पट हरले नाहीत. हे मला नानांनीच सांगितलं.

पुढं ती रानं हळदीखाली गेली आणि पट बंद पडला. काकूही गेली. माझ्या लग्नाच्या वेळी तिला जाऊन चार वर्षं झाली होती. नानांनी दहाव्याला पटाच्या गोष्टी सांगितल्या, तेराव्यालाही त्याच सांगितल्या. गावात आणखी चार ट्रॅक्टर होते. पण पटातला गडी असताना दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये वऱ्हाड न्यायचं नाही, हा बाबांचा हट्ट.

तर त्या दिवशी फाट्यापलीकडच्या रानात नेमकं भुईमुगाला पाणी सोडलेलं. फेरा मारायला जागा नाही. नाना सरळ पुढं निघाले. पुढच्या डाव्या वाटेनं एक गाव लागलं, त्याच्या पुढच्या डाव्या वाटेनं दुसरं. तिसऱ्या गावात लोकांनी आम्हाला त्यांच्याकडंच आलेलं वऱ्हाड समजून सरबत दिलं. आम्ही पिऊन घेतलं. शेवटी मामांनी ट्रॅक्टर थांबवला आणि स्टेअरिंग हिसकायला डाव्या मडगार्डवर पाय टाकला.

नाना त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले, “तिथं न्हाई! पाय काढा आधी!”

मामा गुमान ट्रॉलीत येऊन बसले.

आणखी एक डावी वाट धरून पुसेगावच्या मांडवात पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. नवरीचे काका मांडव सोडायची भाषा करत होते. भटजींनी पंचांग चाळून सव्वादोनचा मुहूर्त काढला, म्हणून माझं लग्न लागलं. पण सासरे काही ऐकेनात. अक्षता पडल्याबरोबर ते नानांना शोधत ट्रॅक्टरपाशी आले. मी मुंडावळ्यांसकट मागं.

“अवो डायवरसाब,” सासरे कडाडले, “पोरीचं लगीन मोडत होतं माझ्या! उजवीकडं वळाया काय तकलीफ होती तुमाला?”

नाना बिडी विझवून म्हणाले, “डाव्या मडगार्डवर जमना बसती. उजवीकडं वळलो तं भायेर फेकल्या जाती.”