दोन फ्लॉप्या आणि एक केबिन

नव्या कॉम्प्युटरसोबत एअरकंडिशनर आला नसता, तर मल्हारी पगाऱ्यांनी एक वेळ सगळं सहन केलं असतं. पण तो आला, आणि नेमका अकाउंट्सच्या फारुख इनामदारांच्या खुर्चीमागे बसला. स्टोअरच्या खोलीत, ऑइलच्या वासात बसून पगारे दिवसभर त्याची घरघर ऐकत आणि मनातल्या मनात जळत.

जळायला कारणही होतं. सातपूरच्या त्या नट-बोल्टच्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तो पगाऱ्यांच्या टेबलावर. तेव्हा लोक चपला बाहेर काढून बघायला येत. पगारे एक बटण दाबत, पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत आणि बघणाऱ्यांचे डोळे विस्फारत. इंदिरानगरात शेजारीपाजारी त्यांना 'कॉम्प्युटरवाले पगारे' म्हणत आणि त्यांच्या पत्नी शकुबाई त्याच नावावर वाण्याकडून ताजा माल घेत. आता चपलांचा ढीग फारुखच्या दारात पडू लागला होता.

"गार हवा खायला जात्यात सगळे," चहा ठेवता ठेवता कारखान्यातल्या चहावाल्या कुसाबाई समजूत घालायच्या. "कॉम्पुटर कोन बघतंय तिथं?"

"तुम्हीसुद्धा तिकडे बराच वेळ रमता हो, कुसाबाई."

"मी काय, कपबशा गोळा करते. पन लय गार हाय, खोटं कशाला बोलू?"

पगाऱ्यांना चहा कडू लागला.

अशातच मॅनेजर खैरनारसाहेबांनी दोघांना बोलावलं. साहेबांच्या एका हातात स्टोअरची फ्लॉपी होती आणि दुसऱ्या हातात अकाउंट्सची. फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटातली चपटी तबकडी, कॉम्प्युटरवर लिहिलेलं सगळं तिच्यावर साठवायचं.

"एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आणलेल्या आहेत या," साहेब म्हणाले. "मग स्टोअरची फ्लॉपी अकाउंट्समध्ये का चालत नाही? घातली की ते यंत्र कुरकुर करतं. एका घरात राहून तोंडं फिरवल्यासारखं काय हे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खरोखरच तोंडं फिरवली.

"ते असो. वर नवी केबिन बांधलीय. दोन्ही कॉम्प्युटर तिथे जातील, एअरकंडिशनरसकट. तिथे संगणकप्रमुख म्हणून एकच माणूस बसेल. सोमवारी दोघांचं काम बघतो आणि ठरवतो. दुसऱ्याने गोदामात माल मोजायला जायचं."

वास्तविक साहेबांच्या प्रश्नात गूढ काही नव्हतं. पगाऱ्यांच्या कॉम्प्युटरची प्रणाली सीपीएम, फारुखच्या कॉम्प्युटरची डॉस. फ्लॉपीवर फायली मांडून ठेवायची दोघींची रीत वेगळी. कागद तोच, पण एकीने मोडीत लिहायचं आणि दुसरीने बाळबोधीत, त्यातला प्रकार. मोडी न येणाऱ्यापुढे मोडी कागद ठेवला तर तो म्हणणार, हा कागद खराब आहे. कॉम्प्युटरही तेच म्हणत होते. मुंबईहून आलेल्या इंजिनिअरने हे दोघांनाही समजावून सांगितलं होतं. पण त्या वेळी पगाऱ्यांना पेढे वाटायचे होते आणि फारुखचं सगळं लक्ष एअरकंडिशनरकडे होतं. प्रत्येक फ्लॉपीची दुसरी प्रत काढून ठेवावी, असंही तो म्हणाला होता. तेही पेढ्यांत गेलं.

गोदामाच्या धास्तीने पगाऱ्यांना घास गिळेना. असं काय आहे फारुखच्या फ्लॉपीत, की साहेब त्याच्याकडे हसून बघतात? शुक्रवारी दुपारी फारुख जुम्म्याच्या नमाजाला गेला, तेव्हा पगारे अकाउंट्समध्ये शिरले. एअरकंडिशनरसमोर क्षणभर उभे राहिले, हवा चांगलीच गार आहे हे कळल्यावर आणखी चिडले आणि फ्लॉपी घेऊन परत आले.

त्यांच्या कॉम्प्युटरने ती घेतली, कर्र कर्र केलं आणि वाचता येत नाही म्हणून कळवलं.

"अस्सं!" पगारे पुटपुटले. "कुलूप घातलंय बेट्याने. म्हणजे माझ्यावर संशय घेतो!"

दुसऱ्याची फ्लॉपी चोरून आणलेल्या माणसाला संशयाचा एवढा राग यावा, हे खरं तर नवल. पण पगाऱ्यांना तो मनापासून आला. त्या रागात त्यांना इंजिनिअरने शिकवलेली एक आज्ञा आठवली. बाजारातून आणलेली फ्लॉपी चालत नसली की ती आज्ञा द्यायची, मग कॉम्प्युटर फ्लॉपी स्वतःच्या पद्धतीने तयार करून घेतो. पगाऱ्यांनी आज्ञा दिली. अंगण सारवलं की आधीची रांगोळी जाणार, हा विचार त्यांना शिवला नाही. पुन्हा फ्लॉपी उघडली तर ती विनातक्रार उघडली, आणि पडद्यावर अक्षरं आली की हिच्यात एकही फाइल नाही.

पगारे खुर्चीवर मागे रेलले. एवढा तोरा, एवढी गार हवा आणि फ्लॉपी रिकामी! माणूस महिनोन्‌महिने नुसता बसून असतो! त्यांनी फ्लॉपी होती तिथे नेऊन ठेवली. संध्याकाळी त्यांनी आणखी एक भाकरी मागितली तेव्हा शकुबाईंनी विचारलं, "अहो, आज एवढे खुशीत?"

"फारुखची फ्लॉपी रिकामी निघाली."

"अगं बाई! चोरीला गेलं की काय बिचाऱ्याचं?"

"जाईल कुठून? काही नव्हतंच आत!"

इकडे फारुखही काही साधुसंत नव्हता. नवा कॉम्प्युटर मिळाला तरी काही अडलं की कारखान्यात सगळे म्हणत, "पगाऱ्यांना विचारा." हे 'पगाऱ्यांना विचारा' त्याच्या काळजात रुतलं होतं. शनिवारी मालाचा ट्रक आला आणि पगारे गेटवर गेले, तेव्हा तो हळूच स्टोअरमध्ये आला. पगाऱ्यांची फ्लॉपी त्याने नेली, आपल्या कॉम्प्युटरमध्ये घातली, कुरकुर ऐकली, कुलूप घातलंय म्हणून भडकला आणि तसलीच आज्ञा त्यानेही दिली. त्यालाही फ्लॉपी रिकामी दिसली. "पुरा बनेल माणूस!" असं म्हणून तो खूश झाला आणि फ्लॉपी होती तिथे ठेवून आला. स्वतःची फ्लॉपी लावून बघायची त्याला शनिवारी सवड झाली नाही. दुसऱ्याची बघण्यातच अर्धा दिवस संपला.

सोमवारी साहेब आले. दोन्ही कॉम्प्युटर वरच्या केबिनमध्ये शेजारी शेजारी मांडले होते. पगारे इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, फारुखने अत्तर लावलं होतं. दोघेही समोरच्याची फजिती बघायला अधीर झाले होते.

"आधी पगारे," साहेब म्हणाले.

पगाऱ्यांनी ऐटीत फ्लॉपी सरकवली. कर्र कर्र. वाचता येत नाही. त्यांनी ती काढून शर्टाला पुसली, पुन्हा घातली. वाचता येत नाही. कारखान्यातल्या एकूण एक नटाची आणि बोल्टाची नोंद त्या फ्लॉपीत होती. पगाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गोदाम आलं.

"होतं असं कधीकधी," फारुख गोड आवाजात म्हणाला. "साहेब, मी दाखवतो." त्याने आपली फ्लॉपी घातली. त्याच्याही कॉम्प्युटरने तेच सांगितलं. सगळ्या कामगारांचे पगार तिच्यात होते. अत्तराच्या वासातून घामाचा वास येऊ लागला.

"फारुखभाई, तुमची तर आधीपासूनच रिकामी होती!" पगारे घाईघाईने बोलून गेले.

"तुम्हाला कसं माहीत?"

पगारे एअरकंडिशनरच्या पट्ट्या न्याहाळू लागले.

"आणि तुमची काय भरलेली होती, पगारेभाऊ?"

"तुम्हाला हो कसं माहीत?"

आता फारुख रुमालाने कपाळ टिपू लागला. दोघांनाही एकदमच उलगडा झाला, आणि दोघांनीही एकदमच भिंतीचा आधार घेतला.

"थांबा," साहेब म्हणाले. त्यांच्या डोक्यात अजून त्यांचा जुनाच प्रश्न होता. "याची त्यात घाला, त्याची यात."

दोघांनी मुकाट्याने फ्लॉप्या बदलल्या. एक कुरकुर नाही, एक तक्रार नाही! दोन्ही कॉम्प्युटरांनी शांतपणे लिहिलं की फाइल नाही.

"वाचली!" साहेब उठूनच उभे राहिले. "स्टोअरची फ्लॉपी अकाउंट्समध्ये वाचली!"

"पण साहेब, आत काही नाही," पगारे रडकुंडीला आले होते.

"सगळं पुसलं गेलंय, साहेब," फारुख म्हणाला. "आमच्याच हातून."

"मग भरा की पुन्हा! छापलेले कागद पडलेत ना कपाटात? अहो, मला डब्यात लाडू आहेत का ते बघायचं नव्हतं, झाकण उघडतंय का ते बघायचं होतं. कधीपासून ओरडतोय मी! आता दोघं इथेच बसायचं. दोघेही प्रमुख."

अशी केबिन मिळाली. एकाने कागद वाचून दाखवायचा, दुसऱ्याने टंकायचं. पगाऱ्यांच्या मते फारुख मुद्दाम भरभर वाचे, फारुखच्या मते पगारे मुद्दाम चुकीचं ऐकत. भांडणाचा मुख्य मुद्दा मात्र एअरकंडिशनर. त्याचं तोंड आपल्याकडे असावं म्हणून दोघेही येता-जाता त्याच्या पट्ट्या फिरवत. अखेर फारुखने त्या आपल्याकडे वळवून दोऱ्याने बांधून टाकल्या, आणि त्या विजयाच्या गारव्यात तापाने फणफणून अंथरूण धरलं.

दुसऱ्या दिवशी अख्खी केबिन पगाऱ्यांची झाली. त्यांनी दोरा सोडला आणि सगळी हवा स्वतःवर घेतली. थोड्या वेळाने थंडी वाजली म्हणून एअरकंडिशनर बंद केला. फारुखच्या खुर्चीत बसून बघितलं. ती आपल्यापेक्षा मऊ असणार, अशी त्यांची खात्री होती. ती तशीच निघाली, पण कुणाला ऐकवणार? चपला काढून आत आलेला एक माणूस "फारुखभाई नाहीत का?" म्हणून परत गेला, तर तेवढा रागसुद्धा त्यांना नीट येईना. साहेबही दिवसभर फिरकले नाहीत. शेवटी ते सुट्टी होताच मोसंबी घेऊन भद्रकालीत फारुखच्या घरी गेले.

फारुखची बायको सितारा दारातच म्हणाली, "या भाऊ. सकाळपासून काही खात नाहीत बघा. सारखं एकच विचारतात, पगारेभाऊंनी माझ्या कॉम्प्युटरला हात लावला काय?"

आत फारुख गोधडीत मुटकुळं करून पडला होता. चेहरा अगदी उतरला होता. पगारे त्याच्या शेजारी टेकले. त्यांनी मोसंबी उशाशी ठेवली आणि खाकरले.

"लावला ना हात," ते म्हणाले. "दिवसभर तुमच्याच खुर्चीत बसलो. पट्ट्या माझ्याकडे वळवल्या. साहेब येऊन म्हणाले, आज काम कसं झटपट झालं, पगारे!"

फारुखने गोधडी भिरकावून दिली. तो ताडकन उठून बसला.

"सितारा," तो ओरडला, "जेवायला वाढ! आणि माझा शर्ट इस्त्री करून ठेव."

"ताप आहे तुम्हाला!"

"कुठला ताप? उद्या मी जातोय!"

पगारे तोंड वळवून मोसंबी सोलू लागले. तशी फारुखने ती त्यांच्या हातातून ओढून घेतली, कारण घरात आणलेलं मोसंबं पगाऱ्यांनी सोलावं, हेही त्याला बघवेना.