तीन घरची काडतुसे

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वेइयो तोलोनेनने कॉफीचे भांडे शेगडीवरून उतरवले, गाळ खाली बसेपर्यंत खिडकीबाहेरचा तापमापक पाहिला (दोन अंश), आणि काळ्या पावाच्या दोन चकत्यांना लोणी लावले. एक खाल्ली. दुसरी तशीच ठेवून तो टेबलासमोर हात मागे बांधून उभा राहिला. टेबलावर त्याची नवी रायफल होती आणि तिच्याशेजारी काडतुसांचे तीन डबे: एक पिवळा, एक निळा आणि एक मुळात बिस्किटांचा.

तिन्ही डब्यांतली काडतुसे एकाच मापाची होती. रायफलीत कुठलीही बसली असती. अडचण नेमकी तीच होती.

एकोणतीस वर्षांची जुनी रायफल उन्हाळ्यात दस्त्यापाशी तडकली, तेव्हा वेइयोने नवी घेतली. त्या गावात कुणी कुणाचा सल्ला मागत नसे आणि कुणी उघड देतही नसे. सल्ला भेटवस्तू होऊन यायचा. कॉफीच्या कपाशेजारी तो मुकाट्याने ठेवला जायचा आणि निघताना बूट चढवता चढवता त्यावर एखादे वाक्य बोलले जायचे. कप रिकामा होईपर्यंत यजमानाने वस्तू परत केली नाही, म्हणजे त्याने शब्द दिला असे धरले जाई.

पहिला आला शिकारी मंडळाचा अध्यक्ष उर्पो मोइलानेन. पिवळा डबा त्याचा. "मूस म्हणजे काय ससा आहे होय? घोड्याएवढं जनावर ते. जड गोळी पाहिजे लेका, पडला तर जागेवर पडला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आउनेताई आल्या. वय चौऱ्याहत्तर, त्यातली पन्नास वर्षे शिकारीत गेलेली. "त्या उर्पोचं ऐकू नकोस रे. मांसाचा नुसता चुरा होतो. ही तांब्याची घे. हलकी आहे, शहाणी आहे."

तिसरा मेहुणा रेइनो. तो काडतुसे घरीच भरायचा. "दाजी, दुकानातलं काडतूस म्हणजे दुकानातला मुरंबा. हे एकेक मी स्वतः तोलून भरलंय."

वेइयोने तिन्ही वेळा कॉफी संपवली होती.

"अहो, एका डब्यातली चार घ्या आणि निघा," त्याची बायको हिल्का दारातून म्हणाली.

"कुठल्या?"

"कुठल्याही."

"आउनेताईंची घेतली, तर तुझा भाऊ नाताळला आपल्याकडे यायचा नाही."

हिल्काने क्षणभर विचार केला. "मग आउनेताईंचीच घ्या."

त्याला हसू आले नाही. नेमबाजीच्या परीक्षेचा दाखला दर तीन वर्षांनी नव्याने मिळवावा लागे. त्याचा जुना दाखला संपला होता आणि हंगामाआधीची ही शेवटची परीक्षा. नापास झाला, तर दलदलीच्या कडेची सात नंबरची जागा, जिथे तो एकोणतीस शरद ऋतू मूससाठी टपून उभा राहिला होता, दुसऱ्याला जाणार होती. वेइयोच्या वाट्याला मंडळाच्या झोपडीत वाटाण्याचे सूप ढवळणे आले असते. बसचालक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्याची हक्काने वाट पाहणारी जगात तेवढी एकच जागा उरली होती.

बराच वेळ विचार करून त्याने न्यायाचा मार्ग काढला. आउनेताईंचे एक, रेइनोचे एक, आणि उर्पो अध्यक्ष असल्यामुळे त्याची दोन.

परीक्षा खडीच्या जुन्या खाणीत होती. अंतर पाऊणशे मीटर, गोळ्या चार, वेळ दीड मिनिट, आणि चारही छिद्रे वर्तुळाच्या आत. मागच्या बाकावर उर्पो, आउनेताई आणि रेइनो एकच थर्मास घेऊन बसले होते. आपलेच काडतूस उडणार याची तिघांनाही खात्री होती. वेइयोने नीट श्वास घेतला, नीट नेम धरला, नीट चाप ओढला. हातात काही चूक नव्हती. तरीही लक्ष्याचा कागद समोर आला, तेव्हा बोलचाल बंद असलेल्या नातेवाइकांसारखी छिद्रे लांब लांब बसली होती. दोन वर्तुळाच्या आत, दोन बाहेर.

"नापास," परीक्षक बाई म्हणाल्या. "दोन वाजता मी फाटक लावते. त्याआधी अजून एकदा बघा."

वेइयोला खरे ते सांगावेच लागले. बाकावरची मंडळी उठून कागदाभोवती जमली.

"मधलं माझं आहे," उर्पो म्हणाला. "जड गोळी अशीच मधोमध जाते."

"मधलं तुझं? अरे, छिद्राची कड बघ किती स्वच्छ आहे! तांब्याशिवाय अशी कड येते का?"

"आणि माझं बाहेर गेलं असं म्हणायचंय का तुम्हाला?" रेइनोचा आवाज चढला. "मी तोलून भरलंय!"

"तराजू तुझ्या बायकोचा, पीठ मोजायचा," आउनेताई म्हणाल्या. "गेल्या नाताळचा तुझ्या घरचा केक मी खाल्लाय, बाळा."

वाद रंगला तसा वेइयो हळूच मागे सरकला आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. तिन्ही डब्यांतली जास्तीची काडतुसे त्याने खिशातून आणली होती; ती मुठीत घेऊन तो उलटीसुलटी करत होता. आता कुणा एकाची चार भरायची, म्हणजे बाकीच्या दोघांचा भर मैदानात अपमान करायचा.

"काय हो, जत्रा भरवलीय का हातात?" मागून आवाज आला. तळ्यापलीकडच्या गावची इर्या होती ती. अकरा वर्षांपूर्वी एक जखमी मूस हद्द ओलांडून त्यांच्या बाजूला गेला आणि त्याचे मांस तिकडेच वाटले गेले, तेव्हापासून दोन्ही गावांत धड बोलणे नव्हते.

"भेट आलीत," वेइयो पुटपुटला.

"कळलं. आमच्याकडेही हेच." तिने खिशातून चार काडतुसे काढून पुढे केली. मापही तेच. "ही घ्या. तुमच्या गावात यांचं कुणाशी नातं नाही."

चारही छिद्रे एका बशीखाली झाकली असती. वेइयोने रिकामी नळकांडी तत्परतेने खिशात टाकली.

"बोललो होतो ना?" उर्पोने पाठीवर थाप मारली. आउनेताईंनी त्याचा गाल थोपटला. रेइनोचे डोळे पाणावले. "दाजी, तुम्ही माझा मान राखलात." वेइयो तिघांनाही "हं" एवढेच म्हणाला. त्या भागात या एका अक्षरात होकार, नकार आणि हवापाणी तिन्ही मावतात.

सोमवारी तो साठ किलोमीटरवरच्या शहरातल्या दुकानात गेला, कारण गावातल्या दुकानात घेतलेली वस्तू घरी पोचण्याआधी बातमी पोचते. आत शिरतो न शिरतो, तोच गल्ल्यापाशी ओळखीची टोपी दिसली. तो मासेमारीच्या जाळ्यांमागे दडला.

"नेहमीचीच ना, अध्यक्ष?" दुकानदाराने एक डबी पुढे केली.

"हळू बोल, बाबा," उर्पो म्हणाला. "खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून जड गोळीचा धक्का सोसवत नाही. तीन डबे नुसते पडून होते. एक दिला एका भल्या माणसाला, निदान उडतील तरी. पण गावात हे कळायला नको."

दाराची घंटा वाजेपर्यंत वेइयोने एकाच गळाचे बारकाईने निरीक्षण केले. मग तो गल्ल्यापाशी आला आणि खिशातले रिकामे नळकांडे दाखवले. दुकानदाराने मागे न बघताच हात नेऊन अध्यक्षांना दिली तसलीच डबी काढली.

"याच दोन द्या," वेइयो म्हणाला.

घरी कुणी नव्हते; हिल्का रानात बेरी वेचायला गेली होती. वेइयोने तिन्ही डबे रिकामे केले, तिघांची काडतुसे कॉफीच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात घालून शस्त्रांच्या कपाटात मागे सारली, आणि पिवळ्या, निळ्या व बिस्किटांच्या डब्यांत नवी काडतुसे सारखी वाटून भरली. आता ज्याच्यासमोर ज्याचा डबा उघडायचा, त्याच्यासमोर तो निर्धास्त उघडता येणार होता.

कपाटाला कुलूप लावून तो मंडळाच्या झोपडीकडे चालत गेला. भिंतीवर हंगामाच्या कामांची यादी टांगलेली होती. पडलेला मूस दोराने रस्त्यापर्यंत ओढून आणण्याच्या पाळीत पहिले नाव अध्यक्षांचे होते, पेन्सिलीने लिहिलेले. वेइयोने ते खोडरबराने सावकाश पुसले, कागदावरचा भुगा फुंकला, आणि तिथे आपले नाव लिहिले.