बाही नाही

मास्तरांच्या मापाच्या वहीत सगळ्यांत चोख माप एका अजगराचं होतं. 'लांबी नव्वद, कंबर दहा, बाही नाही.' शिंप्याने अजगराला टेप कशाला लावायची, असं तुम्ही विचाराल. अहो, सवय! आठ महिन्यांपूर्वी मेहुण्याने ते ध्यान दुकानातल्या काचेच्या कपाटात आणून ठेवलं, तेव्हा ते चांगलं लहानसं होतं.

"भावोजी, पंधरा दिवस फक्त. परदेशी जातीचं आहे, एकदम गरीब. मी त्याला बाळ म्हणतो," असं म्हणून मेहुणा जो परगावी गेला, तो गेलाच.

मास्तरांच्या बायकोने त्याच दिवशी बजावलं, "भाऊ माझा असला म्हणून काय झालं? हे इथे आहे तोवर मी दुकानात पाय ठेवणार नाही. काजंबटणं तुमची तुम्ही करा!" चौदा वर्षं ती त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून काजं करत आली होती. आता ती वरच्या मजल्यावर आणि मास्तर खाली बाळाबरोबर. मास्तरांना अजिबात करमत नव्हतं, पण मेहुण्याला नाही म्हणायची हिंमत नव्हती.

एके सकाळी मास्तरांनी दुकान उघडलं, तर कपाटाचं झाकण बाजूला आणि बाळ गायब! तेवढ्यात वनखात्याचे साहेब दारात हजर. गणवेशाची पँट घालून बघायला आले होते.

मास्तर टेप घेऊन आडवे आले. वनखातं! "साहेब, आधी पुन्हा एकदा माप घेतो."

"तीनदा घेतलंत की!"

"डोक्याचं राहिलंय."

"पँटला डोकं कशाला लागतं हो?" साहेबांनी वैतागून पँट उचलली आणि पडद्याआड गेले.

मग आतून अगदी बारीक आवाज आला. "मास्तर, माझ्या पोटरीला काहीतरी आवळतंय."

मास्तरांनी पडदा ओढला. बाळाने साहेबांच्या पायाला दोन वेढे घातले होते.

"धरा ना साहेब! तुमच्या खात्याचंच आहे!"

"मी रोपवाटिकेत असतो! मला फक्त झाडं कळतात!"

मास्तरांनी डोळे मिटून शेपटी हिसडली. बाळाने साहेबांना सोडलं आणि मास्तरांचा उजवा हात धरला. कात्रीचा हात! मास्तर जितके ओढत, तितका विळखा घट्ट होई. बोटं निळी पडली. या बोटांवर घर चालत होतं. "अगं ए! धाव गं!" मास्तर जिवाच्या आकांताने ओरडले.

बायको जिन्यावरून धावत आली. उंबऱ्यावर एक क्षण थबकली, आणि आत शिरली.

"ओढू नका! गुंता ओढून सुटतो का कधी? टोक सोडा माझ्याकडे!" तिने शेपटीचं टोक धरलं आणि रिळाचा दोरा उलगडावा तसा एकेक वेढा सोडवत गेली. तोंडाने भावाचा उद्धार चालू होता. "साहेब, बघत काय बसलात? डोक्यामागे धरा आणि ती हातातली नवी पँट द्या!" तिने पँटचा एक पाय खालून दोऱ्याने करकचून बांधला, बाळाला वरून आत सरकवलं आणि वरचं तोंडही बांधून टाकलं.

साहेबांनी खात्यातून जाणकार माणसं बोलावली. ती बाळाला पँटसकट घेऊन गेली. जाताना त्यांनी मास्तरांना अर्धा तास झापलं. असल्या जनावराला कपाटात ठेवणं म्हणजे त्याच्याही जिवाशी खेळ आणि स्वतःच्याही. मास्तर प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. बोटांत हळूहळू लाली येत होती, आणि इतकं हलकं त्यांना आठ महिन्यांत वाटलं नव्हतं.

दुपारी मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, बाळ कसं आहे?"

मास्तरांनी शेजारी पाहिलं. स्टुलावर बसून बायको साहेबांच्या नव्या पँटची काजं करत होती.

"उत्तम," मास्तर म्हणाले. "सरकारी नोकरीला लागलं. आजच गणवेश घालून गेलं."