झिपराक्काचा शिकलेला हिशेबनीस

एका जंगलात, बाळांनो, मधाचं एक दुकान होतं. दुकान झिपराक्का अस्वलिणीचं. मधमाश्या मध आणायच्या, आक्का तो द्रोणात भरून विकायची. कुणी बोरं द्यायचं, कुणी जांभळं. संध्याकाळी पोट भरलं की आक्का म्हणायची, "आज नफा." नाही भरलं, की तोटा. हिशेब संपला.

शेजारी वराहरावांचं कंदमुळांचं दुकान होतं. ते एकदा म्हणाले, "आक्का, धंदा वाढला तुमचा. आता शिकलेला हिशेबनीस नको का?"

"तुमच्याकडे आहे?"

"छे! पण तुम्हाला शोभेल."

आक्काला ते पटलं. शोभेल म्हटलं की कुणालाही पटतं, बाळांनो.

तिने वडाला पाटी टांगली. पहिली आली खार. "मी सगळं जपून ठेवते," ती म्हणाली, "फक्त कुठे ठेवलं ते आठवत नाही." मग आला तरस. आक्काने त्याला तोट्याचं गणित घातलं, तर तो हसतच सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

मग आला धनेश. भली मोठी चोच, चालणं डौलदार, काखेत पदवीची गुंडाळी. ती पदवी पलीकडच्या जंगलातली होती. आक्काला तिथली लिपी वाचता येत नव्हती, पण शिक्का भारी होता. शिवाय नावातच धन! तिने त्याला तिथल्या तिथे नेमून टाकलं.

धनेशने पहिल्याच सकाळी मधमाश्यांना अडवलं. "हा मध कुठून आणला?"

"फुलातून," मधमाश्या म्हणाल्या.

"पावती?"

"फुलं पावती देत नाहीत हो."

"मग फुलाची सही आणा."

"फुलाला लिहिता येत नाही."

"अंगठा चालेल."

"फुलाला अंगठा नसतो!"

"ही तुमची अडचण," धनेश म्हणाला आणि त्याने मध परत पाठवला.

आक्काने सवयीने बरणीत बोट घातलं, तर धनेश खाकरला. "मालकीणबाई, अर्ज करा."

"कुणाकडे?"

"मालकिणीकडे."

बिचारीने स्वतःकडेच अर्ज केला. स्वतःच तो मंजूरही केला. धनेशने तो फेटाळला. म्हणाला, "अर्जदार आणि मालकीण यांचं नातं संशयास्पद आहे."

मधमाश्यांनी थोडे दिवस कळ काढली. मग सगळं मोहोळ उठलं आणि नदीपलीकडे निघून गेलं. दुकानात राहिले रिकामे द्रोण. आक्का दारात बसून ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिला राग आला. पंजा उगारून ती आत घुसली.

धनेश आनंदाने नाचत होता. "जुळलं, मालकीणबाई! आलेला मध शून्य, गेलेला मध शून्य, शिल्लक शून्य! असा चोख हिशेब जन्मात पाहिला नाही!"

आक्काचा पंजा खाली येणार, एवढ्यात दारातून वराहरावांचा आवाज आला. "वा! एकही चूक नाही? आक्का, हा हिशेबनीस मला द्याल का?"

आक्काने पंजा हळूच मागे घेतला आणि त्याच पंजाने कान खाजवला.

"द्यायचा नाही. भाड्याने न्या. रोजची टोपलीभर कंदमुळं."

"कबूल!"

"जपून हं, वराहराव," आक्का अगदी मनापासून म्हणाली. "फार शिकलेला आहे."

"म्हणून तर नेतोय!"

बघता बघता वराहरावांचाही हिशेब जुळला आणि दुकानाला टाळं लागलं. पण ते भेटेल त्याला सांगत सुटले, "चूक एक नाही!" मग साळिंदराने धनेशला नेलं. मग पाणकोंबडीने. एकेक दुकान चोख होत गेलं आणि बंद पडत गेलं. भाडं मात्र आक्का आगाऊ घ्यायची. तिच्या गुहेत टोपल्यांना जागा पुरेना.

शेवटी सिंहमहाराजांचा निरोप आला: "राज्याच्या कारभारासाठी धनेश हवा."

आक्काने भाडं दुप्पट केलं. तेही आगाऊ घेतलं. धनेशला दरबारात पोचवलं, वाकून मुजरा केला आणि त्याच दुपारी नदीपलीकडे बिऱ्हाड हलवलं.

तात्पर्य: शिकलेल्या माणसाला कधीही कामावरून काढू नये. तो शेजाऱ्याला द्यावा.