पूररेषा

पाण्याचं व्यवस्थापन आणि जुन्या पुराचा इतिहास शिकवायला दीपमाला मॅडम चिखलीहून नववीचा वर्ग घेऊन नदीकाठच्या गावी आल्या होत्या. बंधारा पाहून झाला, मुलांचं एकमेकांच्या चपला पाण्यात टाकून झालं, आणि मग मॅडम मोजपट्टी घेऊन पहिल्या घरासमोर उभ्या राहिल्या.

"काका, मागच्या मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

ओट्यावरच्या उत्तमरावांनी मोजपट्टी निरखली. "मदतीचा सर्व्हे हाय काय?"

"नाही हो, मुलांचा अभ्यास आहे."

"हाव हाव, सारे असंच सांगतात." डोळे बारीक करून उत्तमरावांनी खिडकीवर बोट ठेवलं. "इथपर्यंत!"

शेजारच्या अन्नपूर्णाबाई तरातरा बाहेर आल्या. "माय वं! याच्या खिडकीले? माह्या घरात तं आढ्याले लागलं होतं!"

"काहीच्या काही! तुह्यं घर माह्यापेक्षा उंचावर हाय."

"मंग माह्याकडं पाणी वरतून आलं असन!"

उत्तमराव इरेला पेटले. "लिहा मॅडम, माही म्हैस या गच्चीवरून पोहत गेली!"

बघता बघता गल्ली गोळा झाली. घरागणिक पाणी चढत गेलं आणि शेवटी देवळाच्या कळसावरून वाहू लागलं. मुलं खुशीत लिहीत होती. हा अहवाल मुख्याध्यापकांपुढे ठेवायचा या विचारानं मॅडमना मात्र घाम फुटला. विषय आवरायला त्या वर्गातल्या खड्या आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, पुराचं पाणी पोचतं ती पूररेषा. नियमानं पूररेषेच्या आत घर बांधायचंच नसतं."

गल्ली एकदम गार पडली.

"अन् कोणी बांधलंच असन तं?" उत्तमरावांनी हळूच विचारलं.

"तर सरकार हलवायलाही सांगू शकतं."

झालं! कळसावरचं पाणी धडाधड उतरू लागलं.

"आढ्याले?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "म्या कवा म्हटलं? उंबरठा ओला झाल्ता जरासा."

"आणि काका, तुमची म्हैस?" वहीतून मान वर काढून वर्गातल्या अलफियानं विचारलं.

"तिले धुवायले नेली होती वं! पूर? कोणता पूर? अन् ही नदी तरी कुठी हाय? नाला हाय बाप्पा!"

मॅडम कपाळाला हात लावतात तोच पलीकडच्या काठावरून बसच्या ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, वरतं लय पाऊस झाला. पुलावरून पाणी चाललं. तुम्ही तिथंच थांबा!"

तो फोन ठेवेपर्यंत गढूळ पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं. उत्तमरावांनी सगळ्या पोरांना आपल्या गच्चीवर चढवलं. मागोमाग शेळ्या आल्या, आणि शिट्टी न झालेला कुकर कडेवर घेऊन अन्नपूर्णाबाईही आल्या. खाली पाणी ओट्याच्या पायऱ्या एकेक करून गिळत होतं.

अलफियानं कठड्यावरून वाकून पाहिलं आणि पेन सरसावलं. "काका, मंग हे काय हाय?"

उत्तमरावांनी धोतराचा सोगा पिळला. गंभीरपणे खाली पाहिलं.

"सडा टाकला, लिहून घे."

"हाव," अन्नपूर्णाबाई लगेच म्हणाल्या, "म्याच टाकला."